इंडियाना विद्यापीठाचा नवा बास्केटबॉल प्रशिक्षक कसा असावा?

हूजरकर | ८ फेब्रुवारी २०२५

इंडियाना विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक माइक वुडसन हा हंगाम संपताच पद सोडणार असल्याचे काल जाहीर झाले. मी २०१० साली एमएससाठी ब्लूमिंग्टनला आलो तेव्हा मला या खेळात किती खेळाडू मैदानात उतरतात एवढेच ठाऊक होते. आज पंधरा वर्षांनंतर हा संघ माझ्या घरातला विषय झाला आहे. या संकेतस्थळावर अमेरिकेत शिकलेले, शिकत असलेले आणि बास्केटबॉल खेळलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. कोणाचे नाव पुढे आहे याची चर्चा इतरत्र भरपूर चालू आहे. मला इथे नावांपेक्षा गुणांवर बोलायचे आहे: नव्या प्रशिक्षकात आपण नेमके काय पाहायला हवे?

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंडियानाने १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७ असे पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९७६ चा संघ ३२ सामन्यांत एकदाही हरला नाही आणि त्यानंतर आजवर एकाही पुरुष संघाला पूर्ण हंगाम अपराजित राहून विजेतेपद मिळवता आलेले नाही. शेवटच्या तिन्ही विजेतेपदांचे प्रशिक्षक बॉब नाइट होते. २००० साली विद्यापीठाने त्यांना पदावरून दूर केले आणि तेव्हापासून माइक डेव्हिस, केल्विन सॅम्पसन, टॉम क्रीन, आर्ची मिलर आणि वुडसन असे पाच पूर्णवेळ प्रशिक्षक झाले. प्रत्येक विजेतेपदाचा एक झेंडा संघाच्या सभागृहात छताखाली लावतात. सहावा झेंडा मात्र अजून लागलेला नाही.

१४ जानेवारीला इलिनॉयविरुद्धच्या सामन्याला मी असेंब्ली हॉलमध्ये, म्हणजे आपल्या संघाच्या घरच्या सभागृहात होतो. ज्यांनी हे सभागृह पाहिले नसेल त्यांना सांगतो की, त्याच्या दोन्ही लांब बाजूंच्या पायऱ्या इतक्या उभ्या चढत जातात की वरच्या रांगेत बसलेल्या माणसाला समोरची गर्दी एखाद्या भिंतीसारखी दिसते, आणि १७ हजार लोकांचा आवाज त्या दोन भिंतींमध्ये कोंडून राहतो. त्या रात्री आपण ९४-६९ असे हरलो. उत्तरार्धात त्या भिंतींमधून वुडसन यांना काढून टाका, अशा घोषणा सुरू झाल्या. माझ्या पुढच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ संघाच्या क्रीमसन (गडद लाल) रंगाचे, कोपरावर विरलेले स्वेटर घालून बसले होते. त्यांनी घोषणा दिली नाही की कोणाला गप्पही केले नाही. सामना संपायला सहा-सात मिनिटे असताना त्यांनी कार्यक्रमपत्रिका नीट घडी करून खिशात ठेवली आणि ते उठून गेले. त्या घोषणांपेक्षा मला ते उठून जाणे अधिक लागले.

आता मुद्द्यावर येतो. २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी, त्यात मीही आलो, एकच मागणी लावून धरली होती: 'आपला माणूस' हवा. वुडसन इंडियानापोलिसचे, नाइट यांच्या हाताखाली खेळलेले आणि एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये प्रशिक्षक म्हणून काम केलेले. मागणी शब्दशः पुरी झाली. परंतु त्यांनी तोवर एकाही महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते आणि त्याबद्दल आपण फारसे प्रश्न विचारले नाहीत. माझे स्पष्ट मत असे आहे की, 'मूळचा इंडियानाचा' हा गुण नाही, तो योगायोग आहे. ज्यांच्या नावाने आपण आजही शपथ घेतो ते नाइट स्वतः ओहायोचे होते, आणि नुसते ओहायोचे नव्हे, तर आपले कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या ओहायो स्टेटच्या १९६० च्या विजेत्या संघात खेळलेले होते. १९७१ मध्ये ते लष्कराच्या वेस्ट पॉइंट अकादमीतून इथे आले तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. त्या वेळी 'आपला माणूस' हीच कसोटी लावली असती, तर आज छताखाली पाचऐवजी दोनच झेंडे असते.

माझ्या दृष्टीने पहिला गुण शिकवण्याचा आहे. हंगामाच्या सुरुवातीला, नोव्हेंबरमध्ये, जो मुलगा पास कुठे द्यावा याचा विचार करत उभा राहतो, तोच मार्चमध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या दिवसांत, चेंडू हातात येण्याआधी निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो का, हे पाहिले की प्रशिक्षकाची पारख होते. गेल्या काही वर्षांत आपले संघ मार्चमध्येही नोव्हेंबरसारखेच खेळताना दिसले, आणि माझी खरी तक्रार हरण्याबद्दल नसून याबद्दल आहे. दुसरा गुण असा की त्याने स्वतःच्या हाताने संघ उभा केलेला असावा, शक्यतो कमी पैशांत आणि कमी नावलौकिकाच्या ठिकाणी, कारण तिथे चुका झाकायला प्रतिभावान खेळाडूंचे पांघरूण नसते. बाकीचे गुण तुम्ही सांगा. माझ्याशी असहमत असाल तर अधिक आवडीने वाचेन.

लाफायेतकर | ८ फेब्रुवारी २०२५

मी याच राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी, म्हणजे तुमच्या दृष्टीने शत्रुपक्षातला, तरीही लिहितो. 'आपला माणूस' हा गुण नाही हे मला पटत नाही. आमचे प्रशिक्षक मॅट पेंटर याच राज्यातल्या मन्सीचे आहेत, पर्ड्यूकडून खेळले आहेत आणि २००५ पासून प्रशिक्षक आहेत. गेल्या वर्षी आम्ही राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलो. तिथे कनेटिकटने आम्हाला ७५-६० असे हरवले खरे, परंतु त्या संघातले ब्रेडन स्मिथ वेस्टफील्डचे, फ्लेचर लॉयर फोर्ट वेनचे आणि ट्रे कॉफमन-रेन तर राज्याच्या दक्षिण टोकाचे, तुमच्या अंगणातले. या मुलांच्या शाळांमध्ये, त्यांच्या शिक्षकांकडे आणि आईवडिलांकडे जाऊन बसायला या राज्याची नस ओळखणारा माणूस लागतो.

हे राज्य समजून घ्यायचे असेल तर एकच आकडा पुरेसा आहे. १९९० मध्ये शालेय अजिंक्यपदाचा अंतिम सामना पाहायला ४१,०४६ लोक आले होते. शालेय सामना! डेमन बेली नावाच्या मुलाला खेळताना पाहायला ही गर्दी जमली होती आणि तो मुलगा पुढे तुमच्याच विद्यापीठात गेला. ज्या राज्यात ही परंपरा आहे तिथे बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला पहिली दोन वर्षे रस्ते आणि नाती ओळखण्यातच जातात.

दुसरे म्हणजे, गुणांची यादी करताना तुम्ही चाहत्यांच्या अंगी असाव्या लागणाऱ्या एका गुणाचा उल्लेख केला नाही, तो म्हणजे धीर. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही पहिले मानांकन असताना सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून पहिल्याच फेरीत हरलो. त्या रात्री मी वसतिगृहाच्या सामायिक खोलीत होतो. टीव्ही बंद केल्यावर बराच वेळ कोणी जागचे हलले नाही. दुसऱ्या दिवशी पेंटर यांना हटवा म्हणणारेही होते. विद्यापीठाने ऐकले नाही आणि बरोबर एका वर्षाने आम्ही अंतिम सामन्यात होतो. तुमच्याकडे आर्ची मिलर यांना चारच हंगाम मिळाले आणि वुडसन यांनाही चारच.

हूजरकर | ९ फेब्रुवारी २०२५

लाफायेतकर, धीराचा मुद्दा मान्य आहे, पण पूर्ण नाही. मी आलो त्या हंगामात क्रीन यांचे तिसरे वर्ष चालू होते. सॅम्पसन यांच्या काळातील नियमभंगामुळे संघ मोडून पडला होता आणि क्रीन यांचे पहिले तीन हंगाम ६-२५, १०-२१ आणि १२-२० असे गेले. तीन वर्षांत २८ विजय आणि ६६ पराभव. तरीही असेंब्ली हॉल भरत असे, कारण संघ रोज थोडा सुधारत असल्याचे दिसत होते. म्हणून तर १० डिसेंबर २०११ ची संध्याकाळ आली. पहिल्या क्रमांकावरच्या केंटकीविरुद्ध आपण दोन गुणांनी मागे होतो, वेळ संपत आली होती, आणि क्रिस्टियन वॉटफर्डने तीन गुणांचा शॉट घेतला. चेंडू हवेत असताना घड्याळ संपल्याचा लाल दिवा लागला. मी वरच्या बाल्कनीत होतो, माझ्याशेजारी दिल्लीचा एक वर्गमित्र होता, आणि पुढचे एक मिनिट आम्ही दोघे एकमेकांच्या कानात काय ओरडत होतो ते मला आजही आठवत नाही. ७३-७२. खाली पाहिले तर मैदानाचे लाकूड दिसत नव्हते, नुसती माणसे दिसत होती. धीर आम्ही धरतो. सुधारणा दिसत नसताना धरलेला धीर मात्र फुकट जातो.

पेंटर यांच्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. पर्ड्यूची सूत्रे हाती घेण्यापूर्वी ते सदर्न इलिनॉयचे मुख्य प्रशिक्षक होते आणि मग एक वर्ष पर्ड्यूचे तेव्हाचे प्रशिक्षक जीन केडी यांच्या सोबत राहून त्यांनी जबाबदारी घेतली. म्हणजे ते आधी कामाचे माणूस होते आणि मग तुमचे होते. आम्ही हा क्रम उलटा लावला.

त्रिज्या | ९ फेब्रुवारी २०२५

मला खेळाच्या अंगाने लिहायचे आहे, कारण चारित्र्य, परंपरा आणि धीर यांच्या चर्चेत आपण प्रत्यक्ष मैदानात काय चालले आहे ते विसरतो. वुडसन यांच्या संघांची अडचण जागेची होती. ओमार बालो आणि मलिक रेनो हे दोघेही बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू एकाच वेळी मैदानात असले की प्रतिस्पर्ध्यांचे रक्षकही तिथेच गोळा होतात, मग ड्रिबल करत आत शिरणाऱ्या मुलाला पाय ठेवायला जागा उरत नाही आणि शेवटी घड्याळ संपता संपता कोणीतरी अवघड शॉट मारतो. बाहेरून तीन गुणांचे शॉट मारणारे तीन-चार जण पसरून उभे असतील तर रक्षकांना त्यांच्यामागे जावेच लागते आणि मधली जागा आपोआप मोकळी होते. आजच्या खेळाचे सगळे गणित एवढ्यावर उभे आहे.

गंमत अशी की हे आपल्याच इतिहासात लिहिलेले आहे. २००२ मध्ये डेव्हिस यांच्या संघाने ड्यूकला ७४-७३ असे हरवले आणि लगेच पुढच्या सामन्यात केंट स्टेटविरुद्ध तीन गुणांचे १९ शॉट घेऊन त्यातले १५ आत घातले. त्या बळावर तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. नाइट यांचा 'मोशन ऑफेन्स' तरी दुसरे काय होता? चेंडूपेक्षा माणसांनी अधिक हलायचे, एकाने दुसऱ्यासाठी आड उभे राहायचे, आणि मोकळा झालेल्याला पास द्यायचा. परंपरा म्हणून नाइट यांचे फोटो लावायचे आणि मैदानात मात्र पाचही जणांनी उभे राहून एकाकडे पाहायचे, ही विसंगती मला सहन होत नाही. नवा प्रशिक्षक कोणीही असो, त्याच्या मागच्या पाच संघांचे सामने पाहावेत आणि चेंडूशिवाय असलेले चार खेळाडू काय करत असतात एवढेच तपासावे.

मध्यरेषा | १० फेब्रुवारी २०२५

या धाग्यावर नाइट यांचे नाव इतक्या आदराने येत आहे म्हणून मी लिहिण्याचे ठरवले. मी विदर्भात वाढले, विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले आणि आता सिनसिनाटीला असते. आमचे एक प्रशिक्षक होते. त्यांचे नाव किंवा महाविद्यालयाचे नाव सांगणार नाही. त्यांना खेळ उत्तम कळत असे. परंतु एखादा पास चुकला की ते सराव थांबवत, चूक करणाऱ्या मुलीला मध्यरेषेवर उभे करत आणि इतर अकरा जणींना तिच्याकडे पाहत बसायला सांगत. काही बोलत नसत. दोन मिनिटे, कधी चार मिनिटे. उन्हाळ्यात सिमेंटचे मैदान तापलेले असे आणि बुटांच्या तळव्यातून चटका जाणवे. त्यानंतर मी दोन वर्षे खेळले, पण अवघड पास कधीच दिला नाही. सोपा पास द्यायचा आणि सुरक्षित राहायचे, एवढेच मी त्यांच्याकडून शिकले. आमच्याशी मैदानात जिंकायला आलेला संघ आम्हाला हरवत असे, कारण आम्ही न चुकण्यासाठी खेळत होतो.

म्हणून शिकवणे हा पहिला गुण आहे असे कोणी म्हटले की मला विचारावेसे वाटते, कसे शिकवणे? नाइट यांनी १९८५ मध्ये पर्ड्यूविरुद्ध मैदानात खुर्ची फेकली, ही गोष्ट लोक अजून हसून सांगतात. परंतु १९९७ च्या सरावात त्यांचा हात एका खेळाडूच्या गळ्याशी गेल्याची चित्रफीत २००० साली सर्वांनी पाहिली, आणि त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्यांचे खेळाडू पदवी पूर्ण करत, त्यांच्या संघात नियम मोडून भरती होत नसे, हे सारे खरे आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. तरीसुद्धा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला भीती घालून मिळवलेले कौशल्य टिकत नाही, हे मी स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे.

उत्तम उदाहरणासाठी लांब जायला नको. त्याच असेंब्ली हॉलमध्ये टेरी मोरेन २०१४ पासून महिला संघाला शिकवत आहेत. २०२१ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचला आणि २०२३ मध्ये त्यांनी इंडियाना ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या बिग टेन परिषदेचे विजेतेपद मिळवले. त्यांच्या मुली वर्षागणिक सुधारतात, मोकळेपणाने खेळतात आणि चुकल्यावर बाकाकडे घाबरून पाहत नाहीत. आता हूजरकर यांच्या मुद्द्याला जोडून सांगते: मोरेन सीमोरच्या, म्हणजे याच राज्यातल्या, पण विद्यार्थिदशेत त्या खेळल्या पर्ड्यूकडून! त्याबद्दल ब्लूमिंग्टनमध्ये कोणीही तक्रार करत नाही.

हूजरकर | १० फेब्रुवारी २०२५

मध्यरेषा ताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी 'शिकवणे' हा शब्द फार सैल वापरला होता, हे मान्य करतो. मुलाला अवघड पास देण्याचे धैर्य यावे, हीच शिकवण्याची खूण धरायला हवी. आणि मोरेन पर्ड्यूच्या आहेत हे मला ठाऊक होते, तरी माझ्या युक्तिवादात ते उदाहरण सुचले नाही. पुरुष संघाबद्दल बोलताना महिला संघाकडे पाहण्याची सवय आम्हा चाहत्यांना नाही, हा दोष आमचा आहे.

क्रीमसन_पुणे | १२ फेब्रुवारी २०२५

काल मिशिगन स्टेटला त्यांच्याच घरी ७१-६७ असे हरवले, त्याबद्दल सर्वांचे अभिनंदन. मी सध्या पुण्यात आहे आणि पहाटे उठून सामना पाहिला.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, ब्रॅड स्टीव्हन्स यांची आशा आता सोडून द्यावी. ते याच राज्यातल्या झायन्सव्हिलचे, बटलर विद्यापीठाला २०१० आणि २०११ अशी सलग दोन वर्षे अंतिम सामन्यात नेणारे, शांत, विचारी. सर्व गुण एका माणसात. पण ते बॉस्टन सेल्टिक्सचे संपूर्ण बास्केटबॉल व्यवस्थापन पाहतात आणि गेल्या वर्षी त्यांचा संघ एनबीए विजेता ठरला. प्रत्येक वेळी पद रिकामे झाले की आपण त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, आणि जो येतो त्याची तुलना न आलेल्या माणसाशी करत राहतो. हा येणाऱ्यावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरू देऊन पैसे घेण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी विद्यापीठ बदलल्यावर एक हंगाम बाहेर बसण्याची अट पहिल्या बदलीपुरती उठली आणि २०२४ मध्ये तर कितीही वेळा बदली करण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे दर वसंतात निम्मा संघ ट्रान्सफर पोर्टलमधून (बदली हवी असलेल्या खेळाडूंच्या नोंदयादीतून) बाहेर जाऊ शकतो आणि तेवढाच आत येऊ शकतो. इंडियानाकडे पैसा आहे. पैसा कोणावर खर्च करावा हे कळणारा माणूस हवा. नावाजलेले पाच जण गोळा करणे वेगळे आणि एकमेकांना पूरक पाच जण निवडणे वेगळे. त्रिज्या यांनी वर बालो-रेनो यांच्याबद्दल जे लिहिले आहे ते याचेच उदाहरण आहे.

आपल्याच विद्यापीठात हे कसे करावे याचा धडा अमेरिकन फुटबॉलच्या संघाने दिला आहे. त्याचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांचा इंडियानाशी पूर्वी काहीही संबंध नव्हता. जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना त्यांनी तिथले दहापेक्षा अधिक खेळाडू सोबत आणले, म्हणजे आपली पद्धत आधीच जाणणारी माणसे आणली, आणि पहिल्याच हंगामात ११ विजय मिळवून राष्ट्रीय प्लेऑफ गाठला. ज्या फुटबॉल संघाकडे कोणी वळून पाहत नव्हते त्या संघाने!

लाफायेतकर | १२ फेब्रुवारी २०२५

सोबत खेळाडू आणण्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पद्धत कागदावर समजावून सांगायला वेळ लागतो. ती खेळून दाखवणारे दोन जण सरावात असले की बाकीचे पाहून शिकतात. मात्र त्यात माझा मुद्दाही येतो. पोर्टलमधून आलेला मुलगा एका वर्षाने निघून जाईल. वेस्टफील्डचा मुलगा चार वर्षे राहण्याची शक्यता अधिक असते, कारण त्याचे आजोबा पाचव्या रांगेत बसलेले असतात.

हूजरकर | २४ फेब्रुवारी २०२५

काल पर्ड्यूला ७३-५८ असे हरवले. मध्यंतराला आपण बारा गुणांनी मागे होतो आणि उत्तरार्धात संघ असा खेळला की मला २०११ ची आठवण झाली. लाफायेतकर, क्षमस्व.

आज मला वुडसन यांच्याबद्दल थोडे लिहायचे आहे, कारण आपण गुणांची चर्चा करताना गेलेल्या माणसावर अन्याय होऊ नये. ते १९७६ मध्ये इथे विद्यार्थी म्हणून आले. १९८० च्या शेवटच्या हंगामात त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत ते परत आले आणि शेवटचे सहाच परिषद सामने खेळूनही संघाला बिग टेनचे विजेतेपद मिळवून देण्यात त्यांचा वाटा इतका मोठा होता की परिषदेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला. प्रशिक्षक म्हणून त्यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेले, जे मिलर यांना एकदाही जमले नव्हते. पद जाणार हे ठरल्यावरही त्यांच्या संघाने हात टेकले नाहीत. जाहीर घोषणेनंतर ज्याच्यासाठी मुले असे खेळतात, त्या माणसात मुलांना आपले वाटावे असे काहीतरी नक्कीच आहे. हा गुण मी माझ्या पहिल्या यादीत घातला नव्हता. नव्या माणसात तो नसेल तर बाकीचे गुण असूनही घोडे अडेल.

मध्यरेषा | २४ फेब्रुवारी २०२५

हे लिहिल्याबद्दल आभार. १४ जानेवारीच्या घोषणा टीव्हीवर ऐकताना मला सारखे वाटत होते की, बाकावर बसलेल्या त्या मुलांच्या कानांवर हे पडते आहे.

त्रिज्या | १९ मार्च २०२५

काल डॅरियन डिव्रीस यांची निवड जाहीर झाली. आपण मांडलेल्या गुणांवर त्यांना पारखून पाहू. ते आयोवाचे, इंडियानाशी त्यांचा पूर्वीचा काही संबंध नाही. क्रेटन विद्यापीठात सुमारे वीस वर्षे ते दुसऱ्यांच्या हाताखाली काम करत होते, म्हणजे उमेदवारी भरपूर झाली आहे. त्यानंतर ड्रेक या लहान विद्यापीठात सहा हंगामांत १५० विजय, प्रत्येक हंगामात किमान वीस, आणि तीन वेळा राष्ट्रीय स्पर्धा. हूजरकर यांनी म्हटलेले कमी नावलौकिकाचे ठिकाण ते हेच. त्यांचे संघ मैदान पसरून खेळतात, बाहेरून शॉट मारणारे खेळाडू हेरून आणतात, आणि चेंडूशिवाय असलेले चौघे उभे राहत नाहीत. मी काल रात्री ड्रेकचे दोन जुने सामने पुन्हा पाहिले आणि माझ्यापुरते समाधान झाले.

शंका एकच आहे. वेस्ट व्हर्जिनियात ते एकच वर्ष राहिले. तिथे त्यांनी जवळजवळ नव्याने संघ उभा करून गोन्झागा आणि ॲरिझोना यांना हरवले, परंतु १९-१३ अशा कामगिरीनंतर राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण मिळाले नाही. मोठ्या परिषदेत पूर्ण चार वर्षांचा संघ ते कसा घडवतात, हे अजून कोणी पाहिलेले नाही.

क्रीमसन_पुणे | १९ मार्च २०२५

माझ्या परिचयातले काही माजी विद्यार्थी नाराज आहेत, कारण त्यांना मोठे नाव हवे होते. मला मात्र ही निवड विचारपूर्वक वाटते. नाइट आले तेव्हा तेही मोठे नाव नव्हते.

लाफायेतकर | २० मार्च २०२५

शत्रुपक्षातर्फे शुभेच्छा. ते राज्यातल्या शाळांच्या सभागृहांत किती लवकर दिसू लागतात यावर माझे लक्ष राहील. हूजरकर, तुम्ही पुढच्या हंगामाची तिकिटे घेणार आहात का?

हूजरकर | २१ मार्च २०२५

घेतली आहेत, बाल्कनीतलीच. २४ तारखेला पोर्टल उघडेल आणि आपले बरेच जण बाहेर पडतील अशी चिन्हे आहेत, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये मैदानात उतरणारी मुले बहुधा मला नावाने ओळखता येणार नाहीत. या वेळी मुलीलाही सोबत नेणार आहे. ती नऊ वर्षांची आहे आणि गेल्या आठवड्यात तिने मला विचारले की, नवे सर मुलांना रागावतात का. मी तिला सांगितले की पहिल्या सामन्याला आपण चेंडूकडे कमी आणि बाकाकडे जास्त पाहू, कोणी चुकून परत आला की ते त्याच्याशी कसे बोलतात ते नीट पाहू, आणि मग तूच मला सांग.